प्रवरेच्या उगमाकडची दऱ्याखोरी: नाशिकहून दोन मुक्कामांची सहल कशी आखावी?

गोदाकाठ

नाशिकमध्ये शनिवार-रविवारच्या सहलीचा विषय निघाला की भंडारदऱ्याचे नाव हमखास येते. सकाळी निघायचे, घोटीला नाश्ता करायचा, धरण आणि रंधा धबधबा पाहून, धरणाजवळच्या शेंडी गावात जेवून संध्याकाळपर्यंत परत यायचे, असाच बहुतेकांचा बेत असतो. यात काही गैर नाही. पण ज्या प्रदेशात प्रवरा उगम पावते, जिथे काही किलोमीटरच्या अंतरात घाटमाथ्याची भातशेती, दीड हजार मीटरपेक्षा उंच शिखरे आणि कोकणात कोसळणारे कडे एकत्र येतात, तो प्रदेश इतक्या घाईत हाती लागत नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा धागा काढला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, या भागात जाताना आधी ऋतू ठरवावा, मग त्या ऋतूला साजेसे ठिकाण निवडावे, आणि किमान दोन रात्री मुक्काम करावा. आपण बहुधा उलटे करतो. कुणाच्या तरी छायाचित्रात साम्रद गावाजवळची अरुंद, खोल सांधण दरी पाहतो आणि सुट्टी मिळेल तेव्हा निघतो, मग तो जुलै असो की एप्रिल.

आधी भूगोल सांगतो. नाशिकहून मुंबई महामार्गाने घोटी, तिथून डावीकडे वळून बारीमार्गे शेंडी, असा सुमारे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता आहे. वाटेत घोटी सोडल्यावर काही वेळाने नाशिक जिल्हा संपून अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका लागतो. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव असून शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. शेंडीजवळचे धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मागे पसरलेल्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि पांजरे या गावांना जोडत पुन्हा शेंडीला येतो. हा वळसाच खरी सहल आहे. त्याच्या आतल्या बाजूला पाणी आहे आणि बाहेरच्या बाजूला रतनगड, अलंग, मदन, कुलंग यांची रांग आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग असल्याने वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे लागते आणि तिथले नियमही पाळावे लागतात.

साम्रद आणि घाटघरच्या पठारावर उभे राहिले की एक गोष्ट डोळ्यांना दिसते, जी नकाशात सहज कळत नाही. पठाराच्या पूर्वेकडे उतरलेले पावसाचे पाणी प्रवरेतून, पुढे टोका गावाजवळ गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागराला जाते, आणि त्याच पठाराच्या पश्चिम कडेवर पडलेले पाणी कड्यावरून कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प याच उताराचा उपयोग करतो: मागणी जास्त असताना वरच्या जलाशयातले पाणी खाली सोडून वीज तयार होते, आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवले जाते.

जाणकारांनी आपापल्या अनुभवाची भर घालावी, ही विनंती.

इंदिरानगरकर

धागा अगदी वेळेवर आला. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही सहा जण जाण्याचा विचार करत आहोत. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे असून आईचे गुडघे दुखतात. दोन मुले पंधरा आणि अठरा वर्षांची आहेत आणि त्यांना काहीतरी धाडसाचे करायचे आहे. दोन्ही पिढ्यांना एकाच ठिकाणी समाधान मिळेल का, की मुलांसाठी वेगळी सहल काढावी? सांधण दरीत मुलांना नेणे कितपत सुरक्षित आहे, हेही कुणीतरी स्पष्टपणे सांगावे.

गोदाकाठ

ताई, वेगळी सहल काढण्याची गरज नाही. आई-बाबांसाठी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हे या परिसरातले सर्वांत सुंदर आणि सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. गाडी मंदिराच्या जवळ जाते, चढ नाही, आणि काळ्या दगडातले ते कोरीव काम पाहण्यात सकाळचे दोन तास सहज जातात. खांब, छताची नक्षी आणि शिखरावरची उभी कोरीव पट्टी निवांतपणे पाहावी. जवळच कोनाड्यांमध्ये मूर्ती असलेली बांधीव पुष्करणी आहे. पायऱ्या ओलसर असतात, त्यामुळे आईंनी ती वरूनच पाहावी. पाण्याची पातळी आणि वारा अनुकूल असेल तर शेंडीच्या बाजूने जलाशयात नौका मिळते. संध्याकाळी उशिरा जाण्यापेक्षा सकाळी पाणी शांत असताना जावे आणि जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय बसू नये.

डिसेंबरमध्ये रंधा धबधब्याबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नका. सुमारे १७० फुटांवरून प्रवरा तिथे खोल घळीत उडी घेते, परंतु धबधबा धरणाच्या खालच्या अंगाला असल्यामुळे पावसाळा सरल्यावर त्याचे पाणी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून राहते. तरीही पाणी कमी असताना ती घळ पाहण्यासारखी असते, कारण एरवी फेसाखाली झाकलेले काळ्या कातळाचे थर तेव्हा उघडे दिसतात. कठड्याच्या आतूनच पाहावे.

सांधणबद्दल कातळवाट यांनी लिहावे, त्यांचा त्या वाटेचा अभ्यास माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे.

कातळवाट

हाक मारल्याबद्दल आभार. सांधणविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण महाजालावर तिच्याबद्दल कौतुक भरपूर आहे आणि उपयोगी माहिती कमी.

साम्रद गावातून पंधरा-वीस मिनिटे चालले की वाट झाडीतून थेट दरीच्या तोंडाशी येते. सह्याद्रीचा हा सगळा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. या थरांना जिथे उभी भेग होती तिथे पाण्याने ती कोरत नेली, आणि आज आपण त्या भेगेच्या तळातून चालतो. लांबी सुमारे दोन किलोमीटर, भिंतींची उंची ठिकठिकाणी दोनशे ते चारशे फूट, आणि काही जागी दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की ऊन फक्त दुपारी थोडा वेळ तळापर्यंत पोहोचते. पायाखाली वाट म्हणून काही नसते, लहानमोठे धोंडे असतात. पुढे दोन डोह लागतात. पहिला साधारण गुडघा ते मांडीपर्यंत, दुसरा कमरेच्या वर. पावसाळ्यानंतर जितके लवकर जाल तितके पाणी जास्त, आणि उन्हाळ्यात ते बरेच आटते. ऊन लागत नसल्याने डिसेंबरमध्ये हे पाणी फार गार असते. सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावेत.

डोहांच्या पुढे धोंड्यांवरून उतरत गेले की दरी एकदम तुटते. इथपर्यंत येऊन त्याच वाटेने परत फिरणे हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे आणि धडधाकट पंधरा वर्षांच्या मुलाला तो सहज जमतो. त्याच्या पुढे दोर लावून कडे उतरावे लागतात, खाली डेहणे या ठाणे जिल्ह्यातल्या गावाकडे बाहेर पडता येते किंवा करोली घाटाने चढून साम्रदला परतता येते. हा पूर्ण मार्ग अनुभवी दोरकऱ्यांशिवाय, शिरस्त्राणाशिवाय आणि प्रत्येकाचे साहित्य स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय करू नये. एखादा गट पैसे घेऊन नेत असेल तर उतरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: दोर किती जुना आहे, मुख्य दोराशिवाय सुरक्षेचा दुसरा दोर लावणार आहेत का, आणि कुणाला इजा झाली तर बाहेर कसे काढणार आहेत. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याबरोबर जाऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. साम्रदच्या पठारावरचा कातळ पाणी फारसे जिरवत नाही, त्यामुळे वर पडलेली जोरदार सर थेट या भेगेकडे धाव घेते. आत असलेल्या माणसाला वरचे आभाळ हातभर पट्टीइतकेच दिसते, म्हणून पाऊस सुरू झाल्याचे कळायला उशीर होतो, आणि दोन्ही बाजूंना चढून जाण्याजोगी जागा नसते. पावसाळ्यात दरीत उतरण्यास बंदी असते ती याच कारणासाठी. परंतु धोका जूनपासून सुरू होतो असे समजू नये. मे महिन्याच्या दुपारी येणारा वळीव तितकाच घातक आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिलमध्ये जायचेच असेल तर पहाटे उतरून दुपारच्या आत बाहेर यावे.

आणखी दोन सूचना. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये आणि आरडाओरडा करू नये. वरून दगड सुटतात, म्हणून भिंतीखाली घोळका करून बसू नये. जेवण डोहाच्या अलीकडे मोकळ्या जागेत करावे.

रानजाई

कातळवाट यांनी वळवाचा मुद्दा काढला तो फार मोलाचा आहे, कारण मेअखेरीस काजवे पाहायला येणारे पुष्कळ लोक दुसऱ्या दिवशी सांधणही करायची म्हणतात. काही आयोजक तर दोन्ही एकाच कार्यक्रमात बसवतात. काजव्यांचा बहर येतो तोच मुळी हवेत दमटपणा वाढल्यावर, म्हणजे पूर्वमोसमी सरी पडू लागल्यावर, आणि नेमक्या त्याच दिवसांत दरी सर्वाधिक बेभरवशाची असते. या दोन गोष्टी एकत्र करू नयेत, इतके या धाग्यातून लोकांपर्यंत पोहोचले तरी पुरे.

काजव्यांविषयी थोडे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मोठा पाऊस सुरू होईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंच्या संख्येने चमकतात. नराने मादीला दिलेला तो संकेत असतो, आणि प्रौढ अवस्थेतले त्यांचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असल्यामुळे त्या रात्रींमध्ये प्रजनन झाले नाही तर पुढच्या वर्षीची पिढी घटते. गाडीचे दिवे, विजेरी आणि मोबाइलचा झोत या संकेतात थेट अडथळा आणतात. झाडाखालच्या गवतात माद्या आणि अळ्या असतात. छायाचित्रासाठी बुंध्याशी जाणारा माणूस त्यांना तुडवतो. म्हणून गाडी दूर उभी करावी, दिवे बंद ठेवून रस्त्यावरूनच पाहावे, आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी वीस मिनिटे द्यावीत. लोक पाच मिनिटांत पुढे निघतात आणि त्यांना निम्मेही दिसत नाही. शक्य असेल तर शनिवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिच्यात काजव्यांचे आणि माणसांचे, दोघांचेही हाल होतात.

भटकी पावले

सगळी चर्चा हिवाळ्याकडे झुकलेली दिसते. मला ते पटत नाही. हा प्रदेश पावसाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जलाशयाचा वळसा घेताना प्रत्येक वळणावर कड्यावरून धार कोसळत असते, खाचरांत आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू असते, धरणाखालचा छत्रीसारखा पसरणारा धबधबा वाहत असतो, आणि घाटघरच्या कोकणकड्यावर वाऱ्याने पाणी उलटे वर येते. हे सोडून डिसेंबरात कोरडे कातळ पाहायला का जावे?

गोदाकाठ

आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि पावसाळा टाळावा असे मी म्हटलेले नाही. पावसाळ्यात घळीत उतरू नये, घळीच्या वरून हिंडावे, एवढाच फरक आहे. जुलै-ऑगस्ट हा रस्त्यावरून, ओसरीत बसून आणि सावकाश पाहण्याचा काळ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोनकी आणि तेरडा फुलतो, हवा स्वच्छ होते. रतनगड चढावा तो तेव्हा. गडाच्या माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, उभे राहिले की एका बाजूला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला कोकण दिसते, आणि प्रवरेचा उगमही याच गडाच्या परिसरात आहे. थंडी पडली की सांधण. मेअखेर काजवे. माझ्या मते एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध मात्र या भागासाठी सर्वांत कमी लाभाचा काळ आहे.

पावसात जाणाऱ्यांसाठी एकच आग्रहाची विनंती. धबधब्याखाली जाण्याआधी पाण्याचा रंग पाहावा. पाणी गढूळ होऊ लागले किंवा त्यात पालापाचोळा येऊ लागला, तर वर लोंढा सुटलेला असतो. त्याच क्षणी बाहेर पडावे. आणि घाटघरला धुके दाट असेल तर कड्याच्या कठड्याकडे जाण्याचा मोह सोडावा, कारण दिसण्यासारखे तेव्हा काहीच नसते.

सिडकोचा वाटसरू

आमच्याकडे चारचाकी नाही. एसटीने जाता येईल का?

अकोलेकर

येईल. नाशिकहून घोटीमार्गे शेंडी, राजूर, अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि थेट गाडी चुकल्यास घोटीपर्यंत येऊन पुढे काळी-पिवळी जीपने शेंडी गाठता येते. वेळा बदलत असल्याने स्थानकावर विचारून घ्यावे. शेंडीपासून रतनवाडी-साम्रदकडे मात्र स्थानिक जीप ठरवावी लागेल. आपल्या मुक्कामाच्या घरमालकालाच आधी सांगून ठेवले तर तो व्यवस्था करतो. चारचाकीने येणाऱ्यांनी इंधन आणि रोख रक्कम घोटीतच घ्यावी. साम्रदकडे मोबाइलला पुरेसे सिग्नल मिळत नाहीत, त्यामुळे मोबाइलवरून पैसे देण्यावर विसंबू नये.

मी याच तालुक्यातला असल्याने थोडे आमच्या बाजूनेही लिहितो. या वाड्यांमध्ये बहुतांश महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८४८ मध्ये ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातल्या देवगावचे, आणि देशी वाणांच्या बियाणे बँकेसाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. पाहुणे येतात तेव्हा त्यांना धबधब्यांपलीकडचा हा मुलूखही कळावा, असे आम्हांला वाटते.

मुक्कामासाठी मोठी हॉटेले शेंडीत आहेत, परंतु साम्रद, रतनवाडी, पांजरे येथे घरगुती सोय होते. नाचणीची भाकरी, पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा, हंगामात रानभाज्या आणि काळभातासारख्या इथल्या तांदळाचा भात, हे जेवण एक दिवस आधी सांगितले तर मनासारखे मिळते. आयत्या वेळी पंधरा माणसे दारात उभी राहिली तर चुलीवरची बाई काय करणार? भाताच्या आवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत घरातील सगळे शेतात असतात, हेही लक्षात असू द्यावे.

जलाशयाच्या काठी तंबू टाकणाऱ्यांना कळकळीने सांगतो. मोठ्या आवाजात गाणी लावू नका, बाटल्या फोडू नका. पाणी ओसरले की त्याच काठावर आमची गुरे चरायला आणि मुले खेळायला जातात. काचेने कापलेले खूर आणि पाय आम्ही पाहिले आहेत. सांधणमध्ये नेलेली प्रत्येक वेष्टन-बाटली परत आणा, कारण पहिल्याच पावसात ती खाली कोकणातल्या ओढ्यात जाते. वाटाड्या गावातलाच घ्या. त्याला मोबदला मिळतो, हे तर झालेच. शिवाय आज ढग कुठून येत आहेत आणि त्यांचा अर्थ काय, हे त्याला आपल्या कुठल्याही यंत्रापेक्षा आधी कळते.

गोदाकाठ

दादा, आपला प्रतिसाद धाग्याच्या अगदी वर असायला हवा होता.

शब्दवेल्हाळ

घळीचाच विषय आहे म्हणून थोडे दूरचे एक नाव सुचवतो. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षे गोल फिरत राहून त्यांनी कातळात रांजणाच्या आकाराचे खोल खड्डे कोरले, आणि असे असंख्य खड्डे एकमेकांना मिळून तिथे अरुंद घळ तयार झाली आहे. नाशिकहून ते भंडारदऱ्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर पडते, पण पुण्याकडे जाताना वाट वाकडी करून पाहता येते. काठावरून पाहावे, खळग्यांत उतरू नये. आतल्या भिंती गुळगुळीत असल्याने पडलेल्या माणसाला धरायला काहीच मिळत नाही. पाणी कमी असेल तेव्हाच, म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यात, त्यांचे आकार नीट दिसतात.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही शुक्रवारी दुपारी निघून रविवारी परतण्याचे ठरवत आहोत. मुक्काम शेंडीत करावा की रतनवाडीत? आणि मुले सांधणला गेली असताना आई-बाबांनी काय करावे?

गोदाकाठ

ताई, दोन्ही रात्री रतनवाडीत किंवा तिच्या आसपास राहा. शेंडीत सोयी अधिक आहेत, पण रोज सकाळी वळसा घेऊन साम्रदला जाण्यात तासभर जातो आणि अरुंद रस्त्यावर आईंना धक्के बसतात. आंघोळीला गरम पाणी, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आणि झोपायला पलंग आहे का, एवढे तीन प्रश्न आईंसाठी आधी विचारून घ्या. घरगुती मुक्कामात पलंग नसतात असे अनेकदा घडते आणि जमिनीवरून उठणे दुखऱ्या गुडघ्यांना फार जड जाते. डिसेंबरअखेर रात्री चांगलीच थंडी असते, तेव्हा स्वतःची पांघरुणे बरोबर न्यावीत.

शनिवारी मुले आणि तुम्ही दोघांपैकी एक जण सकाळी सातला साम्रदहून वाटाड्यासह सांधणला उतरा, पहिल्या तुटलेल्या कड्यापर्यंत जाऊन परत फिरा. दोन-अडीचपर्यंत वर याल. तोवर आई-बाबांना अमृतेश्वराच्या आवारात ऊन खात बसू द्या. दुपारनंतर सगळे मिळून घाटघरला जा. गाडीतळापासून कड्यापर्यंतचे अंतर थोडेच आहे, आणि हिवाळ्यात संध्याकाळी कोकणाच्या बाजूची शिखरे स्वच्छ दिसतात. मुलांना रविवारी आणखी काही हवे असेल तर कळसूबाईचा हट्ट मात्र धरू देऊ नका. सांधणच्या दुसऱ्या दिवशी पाय भरून आलेले असतात आणि शिड्यांची ती चढण थकलेल्या पायांनी करू नये. त्याऐवजी सकाळी नौकाविहार, जाता जाता रंध्याची घळ, आणि जेवण. रविवारी संध्याकाळी घोटीपासून पुढे महामार्गावर वाहनांची मोठी गर्दी होते, त्यामुळे दोनच्या सुमारास शेंडी सोडलेली बरी.

कातळवाट

यात एकच भर. मुलांना नवे बूट घेऊन देणार असाल तर आत्ताच घ्या आणि पांडवलेणीच्या पायऱ्यांवर आठ-दहा दिवस वापरू द्या. ओल्या धोंड्यांवर कोऱ्या बुटांची पकड कशी आहे हे सांधणमध्ये तपासण्याची वेळ येऊ नये.